सगळ्याच सिंगल माल्टना ८६ गुण? आधी मापाचं वजन ठरवा

प्रश्न विचारणारे कोल्हापूरचेच आहेत, वय ३१. दीड वर्षात त्यांनी १४ सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या मोड आलेल्या सातूपासून केलेल्या व्हिस्की, चाखल्या आणि प्रत्येकीला वहीत १०० पैकी गुण दिले. सगळ्यांत कमी ८४, सगळ्यांत जास्त ८८. परदेशी मंडळी मध, हेदरची फुलं, समुद्राचं मीठ असं काय काय लिहितात आणि यांना मात्र "व्हिस्कीला व्हिस्कीचाच वास येतो". लहानपणापासून तांबडा रस्सा ओरपून जीभ मेली की काय, अशी त्यांना शंका आहे. शिवाय साठवलेल्या पैशांतून १८ वर्षांची एखादी महागडी बाटली घ्यावी का, हेही विचारलंय.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. घरची गुळाची अडत आहे, मार्केट यार्डात. सौद्याला उभा राहून तीसेक वर्षं गूळ पाहतो, फोडतो, चाखतो. सिंगल माल्टचा नाद लागला त्याला १७ वर्षं झाली. आम्ही सहा जण थंडीच्या दिवसांत महिन्यातल्या एका रविवारी बसतो. बाटली वर्गणीतून येते, भिशीसारखी. डिस्टिलरीत मी कधी नोकरी केलेली नाही, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते चाखणाऱ्याच्या बाजूचं आहे.

तुम्ही एक म्हणून विचारलाय, पण तुमचे प्रश्न दोन आहेत. वास ओळखता येत नाही, म्हणजे शब्द नाहीत. गुण सारखेच पडतात, म्हणजे माप नाही. जीभ मेल्याचा दोन्हीशी फारसा संबंध नाही.

जिभेचं आधी मिटवू. डोळे मिटा, नाक चिमटीत धरा आणि वेलदोड्याचा पेढा तोंडात टाका. नुसतं गोड लागेल. चिमूट सोडलीत की वेलदोडा येईल. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्श्यातली ती भरीव चव, एवढंच कळतं. बाकी सगळं घशाच्या मागच्या वाटेनं नाकात जातं आणि तिथं ओळखलं जातं. तिखटानं नाक मरत नाही.

तिखटाचा त्रास होतो तो त्या दिवसापुरता. मिरचीतलं कॅप्सायसिन आणि अल्कोहोल हे दोघंही तोंडातल्या एकाच प्रकारच्या ग्राहकांना डिवचतात, जे मुळात भाजल्याची जाणीव करून द्यायला असतात. दुपारी मिसळ चापून संध्याकाळी ग्लास हातात घेतलात, तर ४० टक्क्यांची साधी व्हिस्कीही ६० टक्क्यांसारखी झोंबते आणि त्या झोंबण्यात बाकीचं काही कळत नाही. आम्ही म्हणूनच सकाळी ११ ला बसतो, पोटात फक्त साधी भाकरी-दूध किंवा पोहे. मधे तोंड साफ करायला बिनमिठाचे साधे चिरमुरे आणि पाणी. एकदा आमच्या घरी बैठक होती आणि आत मटणाची फोडणी पडली. त्या दिवशीच्या माझ्या वहीत चारही व्हिस्कींना "मसालेदार" लिहिलेलं आहे.

आता शब्दांचं. हेदर मीही पाहिलेलं नाही. जे झुडूप तुम्ही कधी हुंगलेलं नाही त्याचा वास तुम्हाला ग्लासात कसा सापडणार? दुसऱ्याच्या गावचे वास शोधणं बंद करा. आपल्या गावात वासांचा काही तुटवडा नाही, आणि नुसती उपमा म्हणून हे सांगत नाही. बऱ्याच ठिकाणी ग्लासातलं आणि आपल्याकडचं रसायन एकच असतं.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, तेव्हा त्याचा मूळ वास कसा हे कळायला नाचणी सत्त्वाचा डबा उघडून हुंगा. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत मुरलेल्या व्हिस्कीत व्हॅनिलाच्या मागोमाग एक खोबऱ्यासारखा वास येतो. अमेरिकन ओकच्या लाकडात लॅक्टोन असतात, त्यांचा तो. कांदा-लसूण मसाल्यासाठी सुकं खोबरं भाजताना पहिल्या मिनिटाला जो वास सुटतो तो आठवा. लवंगेतलं युजेनॉल ओकमध्येही असतं, म्हणून "लवंग" लिहिणारा थापा मारत नसतो. पिकलेल्या केळ्याचा वास किण्वनातल्या एस्टरचा. शेरी ही स्पेनची वाईन, तिच्या पिंपातून आलेली व्हिस्की असेल तर तासगावचे बेदाणे, खारीक, काकवी शोधा. जुन्या शेरी पिंपांत कधीकधी चामड्याचा वास मिळतो, त्यासाठी तर आपल्याला चप्पल लाईनीतून एक चक्कर पुरे. बाभळीच्या सालीनं कमावलेल्या कातड्याचा तो तुरट, उबदार वास पुस्तकातून शिकता येत नाही. तंबाखूच्या पानासाठी निपाणी काही लांब नाही. आणि एखाद्या जुन्या माल्टमध्ये ओलसर मातीचा, तेलकट असा वास येतो. आमच्यातला एक जण तरुणपणी कुस्ती खेळायचा, तो त्याला "तालमीतली माती" म्हणतो. सहाही जणांना लगेच कळतं.

धुराचंही तसंच. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड जळतं त्या धुरात गोडवा असतो, कारण शेजारी काहिलीत रस उकळत असतो. आयला या स्कॉटलंडच्या बेटावरच्या व्हिस्कीतला धूर पीटचा, म्हणजे हजारो वर्षं दलदलीत साचलेल्या वनस्पतींचा. सातू वाळवताना त्याच्या धुरातली फिनॉल नावाची रसायनं दाण्यात उतरतात. लाफ्रॉइग किंवा लॅगव्हुलिनमध्ये त्या धुराला दवाखान्याचा, आयोडीनचा, बँडेजच्या पट्टीचा वास जोडलेला असतो. पहिल्यांदा माझं तोंड वाकडं झालं होतं. आता थंडीत तेच आठवतं.

धंद्यातला एक वास तर मला फारच उपयोगी पडला. गुळाचा रंग उजळावा म्हणून काही जण हायड्रॉस घालतात, ते गंधकाचं संयुग. जास्त पडलं की गूळ फोडताना नाकाला एक बोचरी, पेटत्या काडीसारखी जाणीव होते. शेरीच्या पिंपांना टिकवायला आत गंधक जाळण्याची जुनी पद्धत आहे. तो गंधक व्हिस्कीत उतरला तर विझलेली काडी, रबर, उकडलेलं अंडं असे वास येतात. हायड्रॉसच्या वासाचे सख्खे चुलतभाऊच. आमच्या मंडळींत तो मला सगळ्यांत आधी सापडतो, आणि एकाला तर तो कधीच येत नाही. दोष त्याच्या नाकाचा नाही. गंधकाबाबत माणसामाणसांत फार फरक असतो. तुमचं नाक कुठल्या वासाला तिखट आणि कुठल्याला बोथट, हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

रंगावर मात्र एक गुणही देऊ नका. गुळात पिवळाधमक रंग आणायला खटपट होते, व्हिस्कीत उलटी, गडद दाखवायला. स्कॉचमध्ये साध्या कॅरॅमलचा रंग घालायला कायद्यानं परवानगी आहे. नीट चाखणारे निळ्या काचेचा ग्लास वापरतात तो रंग दिसूच नये म्हणून. मार्केट यार्डात रंगावर भाव ठरताना मी आयुष्यभर पाहिलंय, आणि क्षारपड जमिनीतल्या उसाचा देखणा पण खारवट गूळ जास्त भावात गेलेलाही पाहिलाय.

आता मुख्य गोष्ट, गुणांची. एक प्रसंग सांगतो. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्यातल्या एकानं पाच ग्लास भरले, कशात काय आहे ते त्यालाच माहीत. मी पहिल्या ग्लासाला ८१ दिले, शेरा "पातळ, शेवटी कडवट". चौथ्याला ८८, शेरा "मध, बेदाणे, छान तोल". पहिला आणि चौथा ग्लास एकाच बाटलीतले होते. ११ वर्षांचा अनुभव सांगणारा मी, तोंड लपवायला जागा नव्हती. पण त्याच दिवशी गुणांचा अर्थ कळला. माझ्याच दोन चाखण्यांत सात गुणांची तफावत पडत असेल, तर ८६ ची व्हिस्की ८५ च्या व्हिस्कीपेक्षा चांगली, या माझ्या वाक्याला काही किंमत नव्हती.

पहिल्या ग्लासाला कमी पडतात हे पुढं पुन्हा पुन्हा दिसलं. तोंडाला अल्कोहोलची सवय व्हायची असते, पहिला घोट नेहमी जाळतो. म्हणून आम्ही आता सलामीचा ग्लास ठेवतो. पैलवान आधी सलामी देतो तशी ती. त्या ग्लासाला गुण नाहीत.

पण खरा दोष वेगळाच होता. सौद्यात मी कधी एकट्या रव्याचा, म्हणजे गुळाच्या एका ढेपेचा, कस सांगत नाही. दोन रवे शेजारी लागतात. एकटा पाहिला की सगळाच गूळ बरा वाटतो, आणि तुमच्या १४ बाटल्यांचं हेच झालंय. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मूडमध्ये, एकेकट्या चाखल्यात. पाच-सहा हजार मोजलेल्या बाटलीला ७२ द्यायला हात धजत नाही आणि ९३ द्यायला भीती वाटते. मग सगळ्या शाळेतल्या फर्स्ट क्लाससारख्या ८६ च्या आसपास. हेही खरं की त्या किमतीत वाईट सिंगल माल्ट फारशी मिळत नाही, त्यामुळे पट्टा थोडा अरुंद राहणारच. पण चार गुणांइतका नाही.

म्हणून एक बाटली मापाचं वजन म्हणून ठरवा. दुकानात कायम मिळेल अशी, साधी, सरळ. माझी ग्लेनफिडिक १२ आहे आणि तिला मी ८० धरतो. तिची लायकी ८० ची आहे असा याचा अर्थ नाही. किलोचं वजन एक किलो असतं, तसे तिचे ८०. प्रत्येक बैठकीत ती एका ग्लासात असतेच, आणि बाकीच्या फक्त तिच्याशी तोलायच्या: खाली, बरोबर, वर, बऱ्याच वर. आकडा सगळ्यांत शेवटी. तीन गुणांच्या आतला फरक मी "बरोबरीत सुटली" असा लिहितो. वजनाची बाटली संपत आली की नवी आणून जुनीशी ताडून बघायची, कारण उत्पादनही वर्षावर्षाला किंचित बदलतं आणि निम्म्याखाली गेलेली बाटली हवेनं मवाळ होत जाते.

जोड मात्र तोलामोलाची लावा. खासबागेत हलक्या वजनाच्या पोराला महाराष्ट्र केसरीसमोर कोणी उभं करत नाही. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली ४० टक्क्यांची हलकी व्हिस्की आणि शेरीच्या पिंपातून थेट भरलेली ५८ टक्क्यांची शेजारी ठेवलीत तर दुसरीच जिंकणार, ती केवळ आवाज मोठा म्हणून. धुराच्या वेगळ्या दिवशी, निदान सगळ्यांत शेवटी. एका बैठकीत चारपेक्षा जास्त नकोत, प्रत्येकी १५ मिली. चार ग्लास म्हणजे एक मोठा पेग होतो, त्यापुढं नाक थकतं आणि मन उदार होतं. दुसऱ्या कोणाकडून ग्लासांवर नुसते आकडे टाकून घ्या, आणि त्याला सांगा, अधूनमधून एकच व्हिस्की दोनदा टाकत जा. तुमच्या स्वतःच्या दोन आकड्यांत किती फरक पडतो, तेवढी तुमची चूक. माझी सातावरून आता दोन-तीनवर आलीय. त्याच्या खाली जाईल असं वाटत नाही.

१०० गुण वेगवेगळ्या भागांत वाटावेत का? जिम मरे हे प्रसिद्ध समीक्षक वास, चव, शेवट आणि तोल यांना प्रत्येकी २५ देतात. त्याच पद्धतीनं त्यांनी २०१० च्या मार्गदर्शिकेत आपल्या बंगळुरूच्या अमृत फ्यूजनला ९७ दिले, आणि देशी माल्टला हसणारे माझे दोन मित्र गप्प झाले. सुरुवातीला लक्ष कुठं द्यायचं हे शिकायला ही वाटणी चांगली. मी मात्र सोडली. बेरीज केली की सगळीकडे बरी असलेली व्हिस्की पुढं जाते आणि एका गोष्टीत जबरदस्त असलेली मागं राहते. मी आधी एकूण निकाल देतो, मग का ते शोधतो. किंमत गुणांत धरत नाही, शेजारच्या रकान्यात लिहितो.

आणखी दोन-तीन कामाच्या गोष्टी. ग्लास तोंडाला निमुळता हवा. ग्लेनकेर्न मिळाला तर उत्तम, नाहीतर ट्युलिपसारखा कुठलाही. ओतल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. हुंगताना नाक आत खुपसायचं नाही आणि तोंड किंचित उघडं ठेवायचं, अल्कोहोल कमी टोचतं. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे ३७-३८ अंशांना अल्कोहोलच्या वाफा नाकावर चढतात आणि मागचे नाजूक वास दबून जातात, म्हणून माझी वही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच भरते. पावसाळ्यात घरभर ओलसर वास असतो, तेव्हा गुण देतच नाही. आणि पाणी घाला, थेंबाथेंबानं. पाण्यानं व्हिस्की बाटते हा गैरसमज आहे. २०१७ साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवलं, की अल्कोहोल खूप जास्त असलं तर धुराच्या वासाचा ग्वायाकॉल हा रेणू द्रवाच्या आत दडून राहतो आणि पाण्यानं ते प्रमाण उतरलं की पृष्ठभागाकडे येतो. व्यवसायातले लोक तर २० टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाच्या पाण्यातला क्लोरीन पहिला नाकात जातो.

दारू पिण्याचा परवाना काढून ठेवा; महाराष्ट्रात त्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, तुमची आहेत. गोव्यातून स्वस्तात चार बाटल्या गाडीत टाकून घाट चढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो गुन्हा आहे. बैठकीनंतर गाडीला हात लावायचा नाही, हे आमच्यात पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. पितानाही घोट थुंकायला लाज वाटू देऊ नका, समोर एक पेला ठेवायचा.

राहिली ती १८ वर्षांची बाटली. वय हा गुण नाही, ती माहिती आहे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातलं वर्षाला सुमारे दोन टक्के उडून जातं, बंगळुरूत १० ते १२ टक्के. तिथं १८ वर्षं ठेवलं तर पिंपात फारसं काही उरणारच नाही, आणि उष्णतेत लाकडाचं कामही लवकर होतं. म्हणून अमृत, पॉल जॉन, इंद्री यांच्या चांगल्या व्हिस्की कमी वयात तयार होतात आणि लेबलावर सहसा वय लिहीत नाहीत. स्कॉचमध्येसुद्धा पिंप थकलेलं असेल तर १८ वर्षांनी फक्त किंमत वाढते. आणि चांगलं असेल तर जे मिळतं ते सावकाश, बारीक असतं. जुन्या लाकडाचा, वाळलेल्या फळांचा वास, घशाखाली उतरल्यावर दोन-तीन मिनिटं रेंगाळणारा. ते ओळखायला आत्ता तुमच्याकडे माप नाही, त्यामुळे तीही वहीत ८७ वर जाऊन बसेल.

तेवढ्याच पैशांत या थंडीला तीन बाटल्या येतील: एक वजनाची, एक शेरीच्या पिंपातली, एक आयलाची. दोन-तीन मित्र वर्गणीला घ्या. तुमच्या १४ पैकी ज्यांत अजून थोडी शिल्लक असेल त्या आकडे झाकून पुन्हा चाखा आणि जुना गुण नव्या गुणाशेजारी लिहा, खोडू नका. फेब्रुवारीपर्यंत दोन ग्लासांतला फरक न बघता सांगता आला, तर १८ वर्षांची बाटली आमच्या भिशीत घेऊ. तुमची वर्गणी सहाव्या भागाऐवजी सातव्या भागाची पडेल.